मनगटावरचा गळपट्टा

म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलाच्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षाची ही गोष्ट. घरात अजून कोणी त्या वर्षाचा आकडा सांगत नाही. 'लग्न दोनदा ठरलं ते वर्ष' म्हटलं की पुरतं. सगळ्यांचे डोळे त्या लग्नाकडे लागलेले, म्हणून तर म्हातारा दुपारचा घरातून निघाला आणि कालव्याच्या लोखंडी दरवाजावर पाय सोडून बसला, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. खाली पाणी घोंघावत होतं आणि हा वर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "घड्याळ बरोबर चालतंय ना तुमचं?"

उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, म्हणून गल्ली त्याला घड्याळजी म्हणायची. बायको गेल्यावर तो धाकट्या मुलीकडे राहत होता, सलूनच्या वरच्या दोन खोल्यांत. अलीकडे त्याच्या डोक्यातलं एखादं चाक मधेच अडायचं. घर कुठे, आज वार कोणता, जेवण झालं की व्हायचंय, असं काहीबाही निसटायचं. बोलणं मात्र अजिबात अडत नव्हतं. सकाळी सलूनच्या बाकावर बसायचं, मग बेकरीवालीशी वाद घालायचा, मग कालव्याकाठच्या बाकावर जो भेटेल त्याला धरायचं. त्या माणसाला बोलायला माणूस मिळाला की पोट भरायचं.

धाकटीला गल्लीत रानबाई म्हणायचे. ती जीवशास्त्र शिकलेली, पण तिचं काम काय ते गल्लीला कधी नीट उमगलं नाही. वन्यजीव कचेरीसाठी ती रानमांजरांचा अभ्यास करायची. शाळेच्या मुलांना रानात नेऊन झाडं-पाखरं दाखवायची. आणि वर्षातून दोनतीनदा मोठ्या माणसांना घेऊन बर्फाच्या डोंगरावर मोहिमेवर जायची. थोरला म्हणायचा, "मांजरं मोजायची, पोरं हिंडवायची आणि धडधाकट माणसांना डोंगरावर चढवून परत खाली आणायचं. आमची धाकटी काय करते म्हणून कोणी विचारलं, की मी विषय बदलतो."

कालव्याच्या प्रकारानंतर थोरला गाडी घेऊन आला. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला माणूस होता आणि घाबरलेला माणूस कुलपाचा विचार आधी करतो.

"बाबांना मी नेतो," तो म्हणाला. "माझ्याकडे दाराला आतून-बाहेरून कडी आहे. पडतील तर गादीवर पडतील."

"दादा, ते चालले नाहीत तर संपतील," रानबाई म्हणाली. "पिंजऱ्यात घातलेलं जनावर मी पाहिलंय. खातं, पितं, आणि एक दिवस भिंतीकडे तोंड करून बसतं."

"जनावराचं मला सांगू नकोस. पुन्हा एकदा हरवले, की नेलेच म्हणून समज."

म्हातारा मधेच म्हणाला, "कोण हरवलंय?"

हे असं बोलून थोरला गेला, आणि रानबाईला चार दिवसांनी मोहिमेवर निघायचं होतं. माणसं जमलेली, दोर बांधलेले, टाळता येण्यासारखं नव्हतं. तिच्या टेबलावर त्या वेळी एक गळपट्टा पडला होता. दऱ्यांपलीकडच्या रानात उरलेल्या एकुलत्या एक रानमांजराच्या गळ्यात तिनेच तो बांधला होता. पट्ट्यातून बारीक टिकटिक लहरी निघायच्या आणि मांजर कुठे आहे ते लांबून कळायचं. मांजराने तो काट्यात अडकवून, मान सोडवून, टाकून दिला होता. तो अजून चालू होता.

रानबाईने तो म्हाताऱ्याच्या मनगटावर बांधला. लहरी ऐकायचं यंत्र खाली सलूनवाल्याला दिलं आणि सांगितलं, "आवाज बारीक झाला, की समजा बाबा लांब गेले. जाऊन आणा."

म्हाताऱ्याने मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. "याला काटे नाहीत. कोणी बनवलंय हे? गिऱ्हाइकाला फसवलंय."

"चालू आहे ते, बाबा. कानाला लावा."

त्याने कानाला लावलं आणि चेहरा उजळला. "टिकटिक मात्र चोख आहे हं."

एवढं करून ती निश्चिंत मनाने डोंगरावर गेली. पट्ट्याच्या लहरी तिच्याच कचेरीच्या भिंतीवरच्या मोठ्या नकाशावरही उमटतात, हे ती साफ विसरली. ज्या बाईने तो नकाशा स्वतः भिंतीवर टांगला, तीच विसरली. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मोहिमेवरून ती परत आली तेव्हा गल्लीच्या तोंडाला आडवा बांबू होता. बांबूशी खाकी टोपीतला रखवालदार. शेजारी पाटी: 'पुढे रानमांजराचा अधिवास आहे. वाहने नेऊ नयेत. मोठ्याने बोलू नये.' कालव्याला पुरुषभर उंचीचं मजबूत कुंपण. सलूनसमोर हिरव्या कापडाचा आडोसा, आणि त्याच्या भोकांतून दुर्बिणी बाहेर आलेल्या.

रानबाई पाठीवरच्या पिशवीसकट तशीच कचेरीत गेली. साहेब नकाशासमोर उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, आपलं मांजर शहरात आलं. सकाळी सलून, मग बेकरी, दुपारी कालवा. रात्री तुमच्याच घराच्या आसपास झोपतं. जणू त्याला कळलंय, आपल्यासाठी कोणी जीव टाकला."

"साहेब, ते मांजर नाही. माझे वडील आहेत. मांजराने टाकलेला पट्टा मी त्यांच्या हातात बांधला. चूक माझी आहे, काय शिक्षा करायची ती करा."

साहेबांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं की ते वडील आहेत?"

"कसं म्हणजे? रोज बघते मी त्यांना."

"डोळ्यांनी?"

"डोळ्यांनीच बघतात, साहेब."

साहेबांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. आत रानबाईनेच पूर्वी घालून दिलेला नियम होता. त्या काळी उत्साही लोक शेजाऱ्याचा बोका पाहून रानमांजर दिसलं म्हणून कळवायचे, तेव्हा तिने वैतागून केलेला. नियम असा: 'डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. ज्याला पट्टा, तेच रानमांजर.'

"पण साहेब, माणूस आणि मांजर..."

"किती पाय ते तुमच्या नियमात नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही विज्ञानाची माणसं. बापाच्या प्रेमात पडून विज्ञान सोडू नका. आणि मला सांगा, माणूस कधी रोज त्याच वाटेने जाऊन त्याच झाडाशी थांबतो का?"

"निवृत्त झालेला थांबतो."

"शक्यता नाकारत नाही," असं म्हणून साहेब पुन्हा नकाशाकडे वळले.

आपलेच दात, आपलेच ओठ. रानबाई घरी आली, ती पट्टा सोडायच्या इराद्यानेच. तर बांबूशी थोरल्याची गाडी उभी. कोणीतरी त्याला कळवलं होतं, की बाबा पुन्हा कालव्यापर्यंत गेले होते.

"मी माझ्या बापाला न्यायला आलोय," थोरला रखवालदाराला सांगत होता.

"कोण बाप?"

"तो काय, आडोशासमोर बसलाय तो."

रखवालदाराने आवाज खाली आणला. "म्हणजे आपण त्यांचं पिल्लू?"

"तोंड सांभाळून बोला."

"रागावू नका, साहेब. संशोधनाला उपयोग होईल म्हणून विचारलं. पण हलवता येणार नाही. रान सोडून जनावर नेणं गुन्हा आहे. बंद खोलीत ठेवणं तर फारच मोठा."

थोरला बहिणीकडे वळला. "हे तू केलंस?"

खरं सांगायला तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. समोर कालव्याला कुंपण होतं. गल्लीत एक वाहन नव्हतं. चार माणसं दिवसभर दुर्बिणी लावून म्हाताऱ्याच्या पावलापावलाकडे बघत होती. आणि त्याला कुलपात घालणं हा गुन्हा ठरला होता. आयुष्यभर तिने जनावरांसाठी हेच मागितलं होतं आणि कोणी दिलं नव्हतं. ती म्हणाली, "कचेरीचा निर्णय आहे, दादा." मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

मग काही दिवस मोठे सुखाचे गेले. म्हातारा सकाळी निघायचा, संध्याकाळी परतायचा. एकदा तो वाट चुकून शाळेच्या मैदानात शिरला, तर सगळी शाळा श्वास रोखून उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत ते मैदानही अधिवासात घेतलं गेलं.

पण रानबाईने आयुष्यात फक्त मांजरांचे नियम केले नव्हते. मुलांनाही तिनेच शिकवलं होतं: रानातल्या जनावराला हाक मारायची नाही. खाऊ द्यायचा नाही. हात लावायचा नाही. ते आलं तर वाट सोडून गप्प उभं राहायचं. ती मुलं चांगली शिकली होती, आणि घरी जाऊन त्यांनी आईबापांना शिकवलं होतं. म्हातारा "काय रे, अभ्यास झाला का?" म्हणून विचारायचा आणि मुलं झाडाला टेकून पुतळ्यासारखी उभी राहायची. बेकरीवाली त्याला पाहून मान खाली घालायची. रखवालदाराने तिला आधीच सांगितलं होतं, की एक बिस्कीट दिलंत तर दुकानाला टाळं. सलूनवाला हात बांधून उभा. त्याने वस्तरा हातात घेतला की आडोशातून खाकरल्याचा आवाज यायचा.

म्हाताऱ्याची दाढी वाढली. बोलणं कमी झालं. आधी तो घरी येऊन कोण कोण गप्प बसलं ते सांगायचा. मग तेही थांबलं. जेवताना घास हातात धरून बसायचा. पट्टा कानाला लावून ऐकायचा, तेवढंच.

एका संध्याकाळी चपला काढता काढता त्याने विचारलं, "पोरी, मी मेलोय का गं?"

"असं काय बोलता, बाबा?"

"नाही, विचारून ठेवलं. बेकरीवालीला मी चोर म्हटलं, तरी ती गप्प. ती बाई गप्प बसणाऱ्यातली नाही. आणि तसं बघितलं तर मेलेल्या माणसाशीसुद्धा लोक थोडं बोलतात. निदान उठ म्हणतात."

रानबाईने म्हाताऱ्याचं मनगट हातात घेतलं, पट्ट्याच्या बकलावर बोट ठेवलं. बक्कल सोडलं, की उद्या सगळे त्याच्याशी बोलतील. आणि परवा थोरला गाडी घेऊन येईल, मग ती आतून-बाहेरून कडी. एकीकडे वाट होती पण बोलणं नव्हतं. दुसरीकडे चार माणसं बोलतीलही, पण दाराबाहेर पाऊल नाही. जनावराच्या बाबतीत तिला कधी हा प्रश्न पडला नव्हता. रानमांजराला गप्पा लागत नाहीत.

बोट तसंच बकलावर राहिलं. म्हातारा म्हणाला, "चावी द्यायची वेळ झाली का?" आणि हात पुढे करून बसला.

ती रात्र तिने कशीबशी काढली, आणि सकाळी जिना उतरून सलूनमध्ये गेली. सलूनवाला रिकाम्या खुर्चीला टॉवेल झटकत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

तो ऐकून म्हणाला, "हे हात लावू नका, बोलू नका, हा कायदा कोणाला?"

"माणसांना."

"मांजरांना नाही ना?"

"मांजरांना कसा असेल?"

"मग मला एक पट्टा आणून द्या. एका मांजराने दुसऱ्या मांजराला चाटून पुसून साफ केलं, तर कोणाच्या बापाचं काय जातं?"

रानबाई त्याच्याकडे बघत राहिली. डोंगरावर वाट बंद झाली, की वाट दाखवणारा असा एखादाच भेटतो, आणि तो बहुधा खडूस असतो.

कचेरीच्या कोठीत नवे कोरे पट्टे खोकं भरून पडले होते. कधीतरी मांजरं सापडतील या आशेने मागवलेले, आणि मांजरं न सापडल्याने तसेच राहिलेले. तिने ते सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या उचलून आणले. कोणी विचारलं तर खरं सांगायचं असं ठरवलं होतं, पण कोणी विचारलं नाही.

सलूनवाल्याने पट्टा बांधला, वस्तरा परजला आणि म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं. आडोशातून खाकरलं कोणी, पण मग यंत्रावर दुसरं मांजर उमटलेलं पाहून गप्प झालं. म्हातारा पहिल्या फेसाला डोळे मिटून म्हणाला, "काय रे, इतके दिवस संपावर होतास का?"

"मांजर व्हायला वेळ लागला, घड्याळजी."

"वस्तऱ्याला धार नाही तुझ्या."

"जिभेला आहे ना तुमच्या? तीच वापरतो."

दुपारपर्यंत बेकरीवाली वर आली. "मलाही द्या एक. मला चोर म्हणून गेलाय तो. उत्तर द्यायचं राहिलंय." तिच्यानंतर किल्ल्या बनवणारा आला. मग कालव्याच्या बाकावरचे दोघे. शेवटी रखवालदारही लाजत लाजत आला. दिवसभर गप्प उभं राहून तोंडाला बुरशी आली म्हणाला. पट्टा बांधून तो स्वतःच्याच बांबूवर बसायचा आणि म्हाताऱ्याशी घड्याळांवर हुज्जत घालायचा.

म्हाताऱ्याची भूक परत आली. बेकरीवालीला तो दिवसातून दोनदा चोर म्हणायचा आणि ती त्याला दोनदा बोळका म्हणायची, मग दोघं खारी बुडवून खायची.

कचेरीच्या नकाशावर तेव्हा काय दिसत असेल ते सांगायला नको. साहेब स्वतः गल्लीत आले. आडोशात बसून त्यांनी पाहिलं आणि रानबाईच्या कानात म्हणाले, "कळप करतायत, बाई. रानमांजर कळप करत नाही असं पुस्तकात आहे. पुस्तक बदलावं लागेल. पिल्लं कधी दिसतील?"

बेकरीवालीला हे ऐकू गेलं. ती म्हणाली, "या वयात नाही दिसणार म्हणावं."

त्याच सुमाराला दऱ्यांपलीकडे मुलांना घेऊन गेली असताना रानबाईला पहाटे खरं रानमांजर दिसलं. ओढ्याच्या दगडावर बसून ते पंजा चाटत होतं. मान मोकळी, शेपूट जाड, काळी वलयं. मुलं झाडांना टेकून गप्प उभी राहिली. मांजराने एकदा सगळ्यांकडे नापसंतीने पाहिलं आणि झुडपात गेलं. तिने आनंदाने कचेरीत कळवलं. साहेबांनी विचारलं, "पट्टा होता?" ती म्हणाली, नव्हता. "मग पाळीव असेल कोणाचं," साहेब म्हणाले. त्या मांजराच्या दृष्टीने हेच बरं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

पण लाभलेलं जास्त झालं तरी बाधतं. मांजरं एवढी वाढली, की वरून फर्मान आलं: रानमांजर धोक्याबाहेर आहे, आता त्याला संरक्षणाची गरज नाही. एका सकाळी बांबू काढला, पाटी उपटली, आडोसा गुंडाळला. कालव्याचं कुंपण तेवढं राहिलं, कारण ते काढायचं काम दुसऱ्या खात्याचं होतं. साहेबांनी पेढा भरवावा तशा प्रेमाने रानबाईचं अभिनंदन केलं. म्हणाले, जन्मात एखाद्यालाच असं यश मिळतं.

दुसऱ्या दिवशी थोरल्याची गाडी थेट सलूनसमोर येऊन उभी राहिली.

"आता काही बोलू नकोस," तो म्हणाला. "कायदा संपला. बॅग भर त्यांची."

रानबाईने बाप आणि भाऊ, दोघांकडे पाहिलं. विज्ञानाचा नियम वापरून झाला होता, मुलांना शिकवलेलाही झाला होता. राहिले होते ते डोंगरावरचे.

"भरते," ती म्हणाली. "पण दादा, एकदा त्यांच्याबरोबर फेरी मार. ते रोज कुठे जातात ते तू एकदाही पाहिलेलं नाहीस."

थोरला घड्याळ बघत तयार झाला. तोवर पट्टेवाले सगळे जमले होते. रानबाईने त्यांना मोहिमेसारखं रांगेत उभं केलं. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, आणि म्होरक्या सगळ्यात मागे. म्हणजे म्हातारा पुढे, त्याच्यामागे थोरला, मग बेकरीवाली, सलूनवाला, किल्लीवाला, बाकावरचे दोघे, रखवालदार, आणि शेवटी ती.

थोरल्याला बापाच्या मागे चालायची सवय नव्हती. तो दोनदा बापाच्या टाचेवर पाय देऊन बसला. "किती हळू चालतात हे," तो कुरकुरला.

"एवढंच चालायचं असतं," मागून बेकरीवाली म्हणाली. "पुढे काय घबाड ठेवलंय?"

म्हातारा बेकरीशी थांबला. झाडाशी थांबला. कालव्याशी थांबून कुंपणावर टकटक करून म्हणाला, "बरोबर चालतंय." मग त्याच्या डोक्यातलं चाक अडलं. तो परत फिरला, सलूनसमोर आला, आणि बाक समजून थोरल्याच्या गाडीचं दार उघडून आत बसला. रांगेचा नियम असा, की पुढचा जाईल तिथे मागच्याने जायचं. बेकरीवाली आत शिरली. सलूनवाला शिरला. बाकावरचे दोघे एकमेकांच्या मांडीवर बसले. रखवालदार सामानाच्या जागेत बसून टोपी सांभाळू लागला.

"हे काय चाललंय?" थोरला म्हणाला. "उतरा सगळे."

"मोहीम चालू आहे, दादा," रानबाई म्हणाली. "जितके निघाले तितकेच परत आणायचे. एकट्याला मधून नेता येत नाही. नेणार असशील तर सगळ्यांना ने. त्यांना कडी लाव, आम्हालाही लाव."

थोरला स्टिअरिंगशी जाऊन बसला. पाठीमागे म्हातारा बेकरीवालीला चोर म्हणत होता आणि ती त्याला बोळका म्हणत होती. त्याने आरशात पाहिलं. बाप हसत होता. लग्न दोनदा ठरलं तेव्हाही तो असा हसला नव्हता.

"हे हरवले तर?" थोरल्याने हळूच विचारलं. "कालव्यात गेले तर? मला रोज तेच दिसतं गं."

मागून म्हातारा म्हणाला, "ड्रायव्हर, निघणार आहेस का? आम्हाला काम आहे."

थोरल्याने गाडी सुरू केली, गल्लीला एक फेरी मारली आणि सगळ्यांना सलूनसमोर उतरवलं. सलूनवाल्याने खोक्यातला पट्टा काढून न विचारता त्याच्या मनगटावर बांधला. तो त्याने काढला नाही. दर आठवड्याला यायचा, रांगेत दुसरा चालायचा, आणि टाचेवर पाय द्यायचाही थांबला.

पट्ट्यांतला जीव पुढे एकेक करून गेला आणि कचेरीच्या नकाशावर रानमांजर पुन्हा एकही उरलं नाही. दऱ्यांपलीकडे खरं मांजर अजून आहे की नाही, ते कोणालाच माहीत नाही. रानबाईला माहीत असेल, तर ती सांगत नाही.

घड्याळजी वारले ते थोरल्याच्या मुलीला पहिली मुलगी झाली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी. सलूनच्या खुर्चीत, अर्धी दाढी झाली असताना. सलूनवाल्याने उरलेली अर्धी केली आणि मग वर हाक मारली.